इन्क्विझिशनची फाइल कशी वाचायची: गोव्यातल्या नवख्रिस्ती ज्यूंचा माग

इन्क्विझिशनच्या कागदांत सगळेच ज्यू सापडतील, हा गैरसमज आधी दूर करावा लागतो, नाहीतर शोध पहिल्याच दिवशी भरकटतो. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारे चर्चचे न्यायालय, मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्या माणसावर खटला भरत असे. त्यामुळे कोकणातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्राएल हा इथलाच ज्यू समाज, या कागदांत सहसा सापडत नाहीत. सापडतात ते 'नवे ख्रिस्ती', म्हणजे बाप्तिस्मा झालेले ज्यू आणि त्यांचे वंशज. पोर्तुगालच्या राजा मॅन्युएलने डिसेंबर 1496 मध्ये ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि 1497 मध्ये देश सोडू न देता त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा केला. वर वीस वर्षे त्यांच्या श्रद्धेची चौकशी होणार नाही असे वचनही दिले. 1506 मध्ये लिस्बनच्या रस्त्यांवर त्यांची कत्तल झाली, 1536 मध्ये पोर्तुगालला इन्क्विझिशन आले, 1560 मध्ये ते गोव्यात आले. ज्या कुटुंबांनी या दरम्यान जहाज पकडून गोवा, कोची, चौल, वसई गाठली, त्यांचा हा माग.

कागद कुठे आहेत? गोव्यातले न्यायालय 1774 मध्ये बंद झाले, 1778 मध्ये पुन्हा सुरू झाले आणि 1812 मध्ये कायमचे उठले. त्यानंतर तिथले खटल्यांचे दप्तर नष्ट करण्यात आले. म्हणून पणजीत मूळ खटला शोधत बसू नये. तीन ठिकाणे धरावीत. पहिले लिस्बनचे तोरे दो तोंबो अभिलेखागार: तिथे लिस्बन, एव्होरा आणि कोइंब्रा इथल्या न्यायालयांचे हजारो खटले आहेत आणि त्यांतले पुष्कळ संकेतस्थळावर पानोपान फुकट बघता येतात. दुसरे लिस्बनचेच राष्ट्रीय ग्रंथालय. गोव्याचे अधिकारी जुआंव देल्गादू फिगैरा यांनी 1623 मध्ये केलेली तोवरच्या सुमारे 3,800 खटल्यांची सूची तिथे आहे. मूळ खटला गेला तरी नाव, आरोप आणि शिक्षा सूचीत उरते. तिसरे रिओ दि जानेरोचे राष्ट्रीय ग्रंथालय, जिथे गोव्याच्या न्यायालयाचा पत्रव्यवहार आहे.

शोध घेताना आडनावावर विसंबू नये. नवख्रिस्ती कुटुंबांनी घेतलेली आडनावे जुन्या ख्रिस्त्यांचीच, म्हणजे पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती असलेल्यांचीच होती. सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी असत. त्यात लेखनिक मनाला येईल तसे लिहितो: 'ओर्ता' कधी 'दोर्ता' होते, 'हेन्रिकेस' कधी 'आन्रिकेस'. त्यामुळे आधी गाव आणि आरोप टाकून शोधावे, मग नाव. आरोपाच्या रकान्यात 'ज्युदाइज्मू', म्हणजे छुपेपणाने ज्यू धर्म पाळणे, हा शब्द असतो. सूचीतल्या नोंदीत बहुधा वय, धंदा, जन्मगाव, राहते गाव, आईबाप, जोडीदार, अटकेची तारीख आणि निकाल दिलेला असतो. एवढ्यावरच वंशावळीचा कच्चा आराखडा तयार होतो.

आता फाइल उघडायची, पण पान एकपासून वाचायची नाही. सुरुवातीला इतरांच्या साक्षींच्या नकला असतात; त्या वाचून मन आधीच आरोपीच्या विरुद्ध झुकते. पहिल्यांदा 'जेनेआलोजिआ'ची, म्हणजे वंशावळीची, बैठक शोधावी. इथे आरोपीला आईबाप, दोन्हीकडचे आजीआजोबा, काका, मामा, आत्या, मावश्या, भावंडे, मुले, जिवंत की मृत, कुठे राहतात, असे क्रमाने विचारले जाते. ही माहिती बरीच भरवशाची, कारण न्यायालय ती दुसऱ्या नातेवाइकांच्या फायलींशी ताडून बघत असे. तुम्हीही तेच करावे: एका भावंडाची फाइल मिळाली की दुसऱ्याची काढावी आणि दोन्ही वंशावळी शेजारी मांडाव्यात. मग शेवटी जाऊन निकाल वाचावा आणि त्यानंतर साक्षी.

अक्षराचा त्रास होणारच. मोडी वाचायची सवय असलेल्याला त्यातली अर्धी तोडलेली नावे फारशी अडणार नाहीत. नावापुढे रोमन एक्स आणि एन ही अक्षरे दिसली तर नवख्रिस्ती, एक्स आणि व्ही दिसली तर जुना ख्रिस्ती. 'अर्धी नवख्रिस्ती', 'पाव नवख्रिस्ती' असे रक्ताचे हिशेबही येतात, आणि ते 1773 मध्ये कायद्याने हा भेद मिटेपर्यंत येत राहतात. यू आणि व्ही, आय आणि जे हे एकमेकांच्या जागी येतात. सुरुवातीला एकाच लेखनिकाची दोन-तीन पाने अक्षर न् अक्षर उतरवून काढावीत. अंदाजाने पुढे गेले की चुकीचे नाव पुढच्या सगळ्या तक्त्यात शिरते.

खरी कसोटी कबुलीजबाबाची आहे. शनिवारी धुतलेला सदरा घालणे, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावणे, डुकराचे मांस आणि खवले नसलेला मासा न खाणे, सप्टेंबरातला मोठा उपास, एस्तेर राणीचा उपास: ज्यू धर्म पाळल्याच्या खुणांची ही यादी न्यायालयानेच छापून चर्चमध्ये वाचून दाखवलेली असे. आरोपपत्रात ती जशीच्या तशी उतरते आणि कबुलीतही. म्हणून यादीतल्या तपशिलाला पुराव्याचे वजन कमी द्यावे. यादीत नसलेले काही आले, एखादी प्रार्थना, कुणाकडून शिकलो याची नेमकी जागा, एखादा पदार्थ, तर तिथे थांबावे. तो तपशील बहुधा घरातला असतो.

दुसरी गोष्ट, नावे. नुसता गुन्हा कबूल करून सुटका नव्हती. ज्यांच्याबरोबर तो केला त्या सगळ्यांची नावे न सांगणारा 'दिमिनूतू', अपुरी कबुली देणारा, ठरे आणि जाळला जाऊ शके. साक्षीदार कोण हे मात्र आरोपीला सांगत नसत. त्यामुळे माणसे अंदाजाने नावे घेत, आणि शक्य तिथे मेलेल्यांची किंवा परदेशी पळालेल्यांची घेत. कबुलीत मृत आत्या आणि परागंदा चुलतभावच भरलेले दिसले तर त्यांना कटाचे सूत्रधार समजू नये. यातना दिल्याची बैठक असेल तर तीही तारखेसह नोंदवलेली असते. त्या खोलीतला जबाब नंतर बाहेर पुन्हा कायम करून घ्यावा लागे. दोन्ही जबाबांत काय बदलले ते समोरासमोर लिहून काढावे.

'कोंत्रादीतास' हा भाग कंटाळवाणा वाटून लोक सोडून देतात, आणि हीच मोठी चूक. आपल्याविरुद्ध कोण बोलले असेल याचा अंदाज बांधून आरोपी इथे शत्रूंची यादी देतो: कुणाचे कर्ज थकले, कुणाशी सोयरीक मोडली, कोणत्या मोलकरणीला मारले. त्या गावातल्या रोजच्या जगण्याचा इतका तपशील दुसरीकडे क्वचितच मिळतो.

निकालात 'रेलाशादू' हा शब्द आला तर माणूस जाळण्यासाठी राजसत्तेच्या हवाली झाला. पुढे 'एं कार्ने' असेल तर प्रत्यक्ष देह, 'एं एश्तातुआ' असेल तर मेलेल्याचा किंवा पळालेल्याचा पुतळा. या दोन शब्दांची गल्लत झाली की बळींचा आकडा भलताच फुगतो. मेलेल्यांची हाडेही सुटत नसत. नवख्रिस्ती वैद्य गार्सिया द ओर्ता 1534 मध्ये गोव्याला आले, मुंबई बेट त्यांच्याकडे पट्ट्याने होते, 1568 मध्ये ते वारले. हयातीत त्यांच्यावर खटला झाला नाही. त्यांची बहीण कातारीना 1569 मध्ये गोव्यात जाळली गेली, आणि 1580 मध्ये ओर्तांची हाडे थडग्यातून काढून जाळली. त्यामुळे शोध मृत्यूच्या तारखेवर थांबवू नये, पुढची वीसेक वर्षेही चाळावीत.

तारखांबाबत एक काळजी. पोर्तुगालमध्ये 4 ऑक्टोबर 1582 नंतर थेट 15 ऑक्टोबर उजाडला. त्याआधीचा उपास ज्यू पंचांगाशी जुळवताना ज्युलियन, म्हणजे जुन्या पंचांगाची, तारीख धरावी, नाहीतर दहा दिवसांची चूक होऊन खरी साक्षही खोटी वाटते. टिपणात दर वाक्यापुढे पानाचा आकडा आणि पुढची बाजू की मागची हे लिहावे, शिवाय ते वाक्य कोणत्या बैठकीत आले तेही: अटकेनंतरच्या पहिल्या, वंशावळीच्या, की यातनेच्या.