हरलेला मोसम उलगडताना: १९०० ते १९२० मधल्या अमेरिकी कॉलेज फुटबॉलचे निकाल कसे वाचावेत

एखाद्या अमेरिकी कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकात एक पान सापडते. वर संघाचा फोटो, खाली आठ-नऊ सामन्यांची यादी, आणि आपल्या बाजूला शून्यामागून शून्य. संघ फुसका होता असे म्हणून पान उलटायला एक क्षण पुरतो. पण त्या यादीतले ५–० किंवा १७–० हे आकडे ज्या नियमांनी तयार झाले ते नियम आज नाहीत, आणि वीस वर्षांत ते इतक्यांदा बदलले की १९०३ चा पराभव आणि १९१३ चा पराभव एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून आधी वर्ष, मग त्या वर्षाचे नियम, आणि मगच गुण. हा क्रम मोडू नका.

(इथे फुटबॉल म्हणजे सगळीकडे अमेरिकन फुटबॉल.)

आधी वही आखा

एका सामन्याला एक ओळ आणि आठ रकाने: तारीख, वार, प्रतिस्पर्धी, गाव, आपले गुण, त्यांचे गुण, खेळाची वेळ, माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना रिकामा ठेवला तर महिन्याभराने तुमच्याच आकड्यावर तुमचा विश्वास राहत नाही. दोन ठिकाणी दोन वेगळे निकाल मिळाले तर दोन्ही लिहा, लगेच निवाडा करू नका.

तारखेशेजारी वार लिहिणे ही फुकटची तपासणी आहे. मोठे सामने बहुधा शनिवारी होत. मोसमाचा शेवटचा सामना बऱ्याचदा थँक्सगिव्हिंगला, म्हणजे त्या काळी नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असे. लहान कॉलेजे बुधवारीही खेळत. पण तारखेचा वार रविवार निघाला, तर बहुतेक वेळा तुम्ही सामन्याची नव्हे, वर्तमानपत्राची तारीख उतरवली आहे. गावच्या साप्ताहिकात नुसते ‘गेल्या शनिवारी’ असते. तिथे अंकाची तारीख धरून मागे मोजावे लागते.

वार्षिकांकाच्या सालातही खोच आहे. अनेक कॉलेजांत तो तिसऱ्या वर्षाचा वर्ग काढी आणि मुखपृष्ठावर आपल्या पदवीचे साल घाली. त्यामुळे १९०५ च्या शरद ऋतूतला मोसम १९०६ च्या वसंतात छापलेल्या, पण ‘१९०७’ असे नाव मिरवणाऱ्या अंकात असू शकतो. फोटोत मधोमध बसलेल्या कप्तानाच्या हातातल्या चेंडूवर पांढऱ्या रंगात साल लिहिलेले असेल तर तेही ताडून पाहा.

वार्षिकांकानंतर विद्यार्थ्यांचे वर्तमानपत्र, मग दोन्ही गावांची वर्तमानपत्रे, मग स्पॉल्डिंग या क्रीडासाहित्याच्या कंपनीची वार्षिक फुटबॉल गाइड. दोन्ही गावांची म्हणण्याला कारण आहे. हरलेल्या गावचे पत्र पंचांवर दोन परिच्छेद खर्च करते आणि टचडाउन (चेंडू घेऊन समोरच्यांची गोलरेषा ओलांडणे) कुणी केला ते विसरते. जिंकलेल्या गावच्या पत्रात नेमके तेच तपशील मिळतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या संग्रहात अशी हजारो पाने शोधता येतात. शोधताना ‘फुट बॉल’ असा तोडून लिहिलेला शब्दही टाका, कारण तेव्हा तो तसाही छापत. संघाला ‘इलेव्हन’ म्हणत, तेही टाकून पाहा. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ६ चा ० आणि ५ चा इंग्रजी एस सर्रास होतो. म्हणून आकडा नेहमी पानाच्या चित्रावरून घ्या.

गुणांची किल्ली

१८९८ पासून टचडाउनला ५ गुण आणि त्यानंतरच्या गोलला, म्हणजे चेंडू गोलखांबांमधून मारण्याच्या किकला, १ होता. फील्ड गोल, म्हणजे टचडाउन न करता चालू खेळात मारलेला गोल, तेव्हा ५ गुणांचा होता. १९०४ मध्ये तो ४ वर आला, १९०९ मध्ये ३ वर. टचडाउन १९१२ मध्ये ६ झाला. सेफ्टी, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच गोलरेषेमागे चेंडूसह अडवणे, या सगळ्या काळात २ वरच राहिली. एवढे पाठ केले की काम अर्धे होते.

आता ५–० हा निकाल घ्या. १९०३ मध्ये तो टचडाउनने झाला असेल किंवा फील्ड गोलने. १९०४ ते १९०८ या काळात ५ गुण एकाच मार्गाने होतात: टचडाउन झाला, पुढचा गोल हुकला. १९०९ ते १९११ मध्ये पुन्हा दोन शक्यता, हुकलेल्या गोलचा टचडाउन किंवा फील्ड गोल अधिक सेफ्टी. आणि १९१२ नंतर ५–० दिसला तर टचडाउन झालेलाच नाही, फक्त फील्ड गोल आणि सेफ्टी. म्हणजे त्या वर्षी ५–० ने हरलेल्या संघाची गोलरेषा कुणी चेंडू घेऊन ओलांडलीच नव्हती.

१७–० चेही तसेच. १९०८ मध्ये याचा सर्वांत सरळ अर्थ तीन टचडाउन आणि दोन गोल. १९१४ मध्ये तोच आकडा दोन टचडाउन, दोन गोल आणि एक फील्ड गोल असा बसतो. यादीत दोन्ही पराभव सारखे दिसतात, पण बचाव एकदा तीन वेळा फुटला आहे आणि एकदा दोन वेळा. अर्थात गणिताने शक्यता कळते. खरे काय झाले ते बातमीतच पाहावे लागते.

हीच किल्ली छपाईची चूकही पकडते. १९०९ च्या आधी ३–० होऊच शकत नाही. ४–० होतो, पण १९०४ ते १९०८ ही वर्षे सोडली तर तो फक्त दोन सेफ्टींनीच, आणि असा सामना विरळा. १–० किंवा संशयास्पद ६–० दिसला तर सामना सोडून दिला होता का ते बघा. सोडलेल्या सामन्याची नोंद या दोन्ही आकड्यांनी झालेली सापडते.

इथे एक अपवाद आहे आणि त्यात भले भले अडकतात. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांनी १९०६ पासून अमेरिकन फुटबॉल सोडून रग्बी धरला. कॅलिफोर्निया १९१५ मध्ये परतली, स्टॅनफर्ड त्याहून उशिरा. त्या वर्षांतल्या त्यांच्या यादीत ३–० दिसला तर तो रग्बीचा निकाल असू शकतो (तिथे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, म्हणजे ट्रायला, ३ गुण होते), छपाईची चूक नव्हे. कोलंबिया विद्यापीठाने तर १९०५ नंतर नऊ मोसम फुटबॉलच बंद ठेवला होता. ती वर्षे कोरी दिसली तर कागद हरवले असे समजू नका.

टचडाउननंतरचा गोल इतक्यांदा हुकलेला का दिसतो, हा प्रश्न हमखास पडतो. आजच्यासारखी किक गोलखांबांसमोरून नसे. चेंडू जिथे टेकवला त्या जागेच्या सरळ रेषेत मागे येऊन मारावी लागे. कोपऱ्यात टचडाउन झाला की कोन अवघड व्हायचा. पंट-आउट करून, म्हणजे गोलरेषेवरून आपल्याच गड्याकडे पंट (हातातून सोडलेल्या चेंडूला लाथ) मारून त्याने झेलला तर तिथून किक, असा दुसरा मार्ग होता. पण झेल सुटला की संधी संपली. म्हणून ५ आणि १० हे आकडे त्या याद्यांत जागोजाग दिसतात.

वेळ आणि मैदान

१९०६ पूर्वी नियमाने ३५ मिनिटांचे दोन भाग होते, पण कप्तान आपसांत ठरवून ते कमी करत. बातमीच्या अगदी शेवटच्या ओळीत ‘२० मिनिटांचे दोन भाग’ असे लिहिलेले असते आणि घाईत तेच सुटते. २० मिनिटांच्या दोन भागांत ३०–० म्हणजे मिनिटाला पाऊण गुण. ३५ मिनिटांच्या दोन भागांत ३५–० म्हणजे मिनिटाला अर्धा. कागदावर मोठा दिसणारा पराभव इथे खरे तर लहान आहे. १९०६ मध्ये ३० मिनिटांचे दोन भाग झाले, १९१० पासून १५ मिनिटांचे चार.

मैदान १९११ पर्यंत ११० यार्डांचे होते, म्हणून मध्यरेषा ५५ यार्डांवर. तेव्हाच्या बातमीत १०५ यार्ड पळून टचडाउन केला असे वाचले तर वार्ताहराला थापाड्या ठरवू नका. १०० यार्डांचे मैदान आणि दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन (गोलरेषेमागचे पट्टे) १९१२ मध्ये आले.

चढाई का अडली हे समजायला डाउनचा नियम हवा. डाउन म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न; ठरलेल्या डाउनांत ठरलेले यार्ड पुढे गेले नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. १९०५ पर्यंत तीन डाउनांत ५ यार्ड पुरत. १९०६ मध्ये तीन डाउनांतच १० यार्ड लागू लागले. त्याच वर्षी पुढे पास टाकायला परवानगी मिळाली, पण पास चुकला तर भुर्दंड मोठा होता. गर्दी करून रेटण्यावर भिस्त ठेवणारे संघ अशा वर्षी कोरडे राहिले तर नवल नाही. चौथा डाउन १९१२ मध्ये मिळाला.

कोणाशी हरले

नावांत फार फसगत होते. त्या काळच्या यादीत ‘मायामी’ म्हणजे ओहायोमधली मायामी. फ्लोरिडातले विद्यापीठ १९२५ चे. ‘वॉशिंग्टन’ म्हणजे सिएटलचे विद्यापीठ, सेंट लुइसचे, की वॉशिंग्टन अँड ली किंवा वॉशिंग्टन अँड जेफरसन? सामना कुठल्या गावी झाला ते पाहूनच ठरवा. नुसते ‘इंडियन्स’ लिहिले असेल तर पेन्सिल्व्हेनियातली कार्लाइल शाळा किंवा कॅन्ससमधली हॅस्केल. कार्लाइल १९१८ मध्ये बंद झाली.

हायस्कूल, माजी विद्यार्थी, वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संघटना), गावचा क्लब यांच्याशी झालेले सामने वेगळे मांडा. काही कॉलेजे असे विजय अधिकृत मोजत, काही मोजत नसत. दोन ठिकाणच्या नोंदींत एखाद-दुसऱ्या विजयाचा फरक पडतो तो बहुधा यामुळेच. बरोबरीचेही सांभाळा. २ विजय, ५ पराभव, २ बरोबरी असा मोसम बरोबरी सोडून मोजला तर ०.२८६, बरोबरीला अर्धा विजय धरून ०.३३३. कोणती रीत घेतली ते वहीत लिहा.

मग पराभवांची जात लावा. मोठे विद्यापीठ मोसमाच्या सुरुवातीला सरावासाठी लहान कॉलेजला बोलावी आणि येण्याबद्दल ठरावीक रक्कम देई. लहान कॉलेज हरायचे हे जवळजवळ ठरलेलेच, पण त्या पैशावर उरलेला मोसम निघे. असे पराभव वेगळ्या शाईने लिहा. मिशिगनने २६ ऑक्टोबर १९०१ रोजी बफेलोला १२८–० ने हरवले. त्याच मोसमात बफेलोने कोलंबियाला ५–० ने हरवले होते. एका आकड्यावरून संघाची किंमत करणे इतके धोक्याचे आहे.

त्याहून टोकाचा निकाल ७ ऑक्टोबर १९१६ चा: अटलांटात जॉर्जिया टेक २२२, कंबरलंड ०. हा सामना किल्लीने सोडवून पाहा. ३२ टचडाउनांचे १९२ आणि ३० गोल. कंबरलंडने फुटबॉल आधीच बंद केला होता. पण ठरलेला सामना टाळला तर ३,००० डॉलर भरावे लागणार होते, म्हणून जमतील ती मुले गोळा करून पाठवली. मध्यंतराला १२६–० होते. आकडेवारीत फर्स्ट डाउन (ठरलेले यार्ड पुरे करून मिळवलेली डाउनांची नवी फेरी) दोन्ही बाजूंना शून्य! टेकला त्यांची गरजच पडली नाही, आधीच टचडाउन होत होता. फर्स्ट डाउनच्या आकड्यावरून सामना चुरशीचा ठरवणाऱ्याने हा सामना एकदा मांडून पाहावा.

खेळाडूंची यादी

बातमीखालची यादी तीन स्तंभांत असते: आपला खेळाडू, जागा, त्यांचा खेळाडू. आपल्या डाव्या टोकाच्या गड्यासमोर त्यांचा उजव्या टोकाचा उभा असतो, म्हणून मधल्या स्तंभात दोन जागा जोडून छापत. एकच जागा छापली असेल तर दुसऱ्या संघाचे डावे-उजवे उलटे झालेले असू शकते. जर्सीवर आकडे सहसा नसत, त्यामुळे वार्ताहराने दोन भावांची किंवा दोन सारख्या आडनावांची गल्लत करणे नेहमीचेच.

या याद्या मोसमभर एकाखाली एक लावा. तेच अकरा चढाईलाही आणि बचावालाही. १९१० पूर्वी बाहेर गेलेला गडी त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. त्या वर्षापासून तो पुढच्या भागाच्या सुरुवातीला येऊ शकला. बाहेरून सूचना देण्याला नियमात मनाई होती, म्हणजे खेळी ठरवायची ती मैदानातल्या क्वार्टरबॅकने, चढाईची सूत्रे हलवणाऱ्या गड्याने. हे नाव दर सामन्याला बदलत असेल तर शून्यांचे कारण तिथेच शोधायला लागा. ऑक्टोबरच्या मध्यात दोन-तीन नावे एकदम गायब झाली तर आधी दुखापतीची बातमी पाहा, मग विद्यार्थी म्हणून नाव नसलेल्यांना किंवा अभ्यासात मागे पडलेल्यांना संघातून काढल्याची. १९१८ च्या यादीत ऑक्टोबरच रिकामा असेल तर इन्फ्लुएंझाच्या साथीने सामने रद्द झाले होते. तिथे पराभव लिहू नका, ‘झाला नाही’ असे लिहा.