कैरोमधे रेघेची जाडी, टोकं आणि डॅश कसे सेट करायचे

कैरो म्हणजे कोडमधून २डी चित्रं काढायची ग्राफिक्स लायब्ररी. कैरोमधे पाथ (रेघ कुठून कुठे जाणार त्याची आखणी) नुसता बनवून काही दिसत नाही, स्ट्रोक केलं की रेघ उमटते. जाडी, टोकं, डॅश हे सगळं तो स्ट्रोकच्या वेळीच बघतो, त्यामुळे सेटिंग पाथच्या आधी करा नाहीतर नंतर, स्ट्रोकच्या आधी झालं की बास.

जाडी डिफॉल्ट २.० असते पण ती युजर स्पेसमधली (आपण कोडमधे वापरतो त्या मापांतली), म्हणजे स्केल चालू असताना स्ट्रोक केलं तर रेघ पण स्केल होते, आणि एक्स-वायला वेगळं स्केल असेल तर एकीकडे जाड एकीकडे बारीक, फार वाईट दिसतं. म्हणून सेव्ह (आत्ताची सेटिंग जपून ठेवा), स्केल, पाथ, रिस्टोर (जपलेली सेटिंग परत आणा) आणि मगच स्ट्रोक. पाथ रिस्टोरने पुसला जात नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं!

१ पिक्सेलची आडवी किंवा उभी रेघ धूसर येत असेल तर १० ऐवजी १०.५ या कोऑर्डिनेटवर काढा.

टोकं तीन प्रकारची, बट (रेघ संपते तिथेच सपाट), राउंड (गोल), स्क्वेअर (चौकोनी). शेवटची दोन अर्धी जाडी पुढे वाढतात आणि डॅशच्या प्रत्येक तुकड्याला लागतात, म्हणून जाडी १० आणि गॅप पण १० असेल तर राउंडमधे तुकडे एकमेकांना टेकतात, गॅप वाढवा. डॅश बंद करायला डॅशची संख्या (लांबी नव्हे) ० द्या.

तोच पाथ नंतर फिल करायचाय (आत रंग भरायचाय) तर स्ट्रोक प्रिझर्व्ह वापरा, साध्या स्ट्रोकने पाथ जातो.