साताऱ्यात पाऊस आणि दुर्बीण ऑस्ट्रेलियात: दूरस्थ निरीक्षणाचा अनुभव

पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी रूपविकारी तारा (ज्याचे तेज बदलत राहते असा तारा) हा विषय निवडला, तेव्हा मार्गदर्शकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पावसाळ्यात काय करणार?" प्रकल्पाची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती आणि जून ते सप्टेंबर या काळात साताऱ्यात तारा दिसणे म्हणजे लॉटरी लागण्यासारखेच असते. त्यामुळे इंटरनेटवरून चालवता येणारी, तासावर भाड्याने मिळणारी दुर्बीण वापरायचे ठरले. ही दुर्बीण ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधील सायडिंग स्प्रिंग येथे होती. पुढे काही रात्री मला बंगळुरूजवळच्या होसकोटेहून लडाखमधील हानलेच्या दुर्बिणीवरचे कामही जवळून पाहायला मिळाले. या दोन्ही ठिकाणी जे शिकले, आणि त्याहून अधिक जे चुकले, ते नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

तारा निवडला एसएक्स फिनिसिस. दक्षिण आकाशातील फिनिक्स तारकासमूहातला हा तारा सुमारे ७९ मिनिटांत तेजाच्या चढउताराचे एक आवर्तन पूर्ण करतो आणि त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी) साधारण ६.८ ते ७.५ या दरम्यान बदलते. दीड तासात पूर्ण आवर्तन मिळते, म्हणजे भाड्याचे पैसे वसूल होतात, हा हिशेब यामागे होता. साताऱ्याहून हा तारा याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, जेथे तो सर्वांत उंच असतो) असतानाही जेमतेम तीस अंश उंचीवर येतो, त्यामुळे त्याचा प्रकाश खमध्याच्या, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूच्या, तुलनेत जवळपास दुप्पट हवेतून पार होऊन आपल्यापर्यंत पोचतो. सायडिंग स्प्रिंगहून मात्र तो जवळजवळ डोक्यावर असतो.

पहिल्या रात्री दुर्बिणीने ताऱ्याकडे वळायलाच नकार दिला. लक्ष्य मर्यादेच्या खाली आहे, असा संदेश पुन्हा पुन्हा येत होता. मी अर्धा तास यंत्रणेला दोष देत बसले आणि शेवटी मदतकक्षाला लिहिले. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: क्रांतीचे चिन्ह तपासा. ताऱ्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे त्याचे अंतर (दक्षिणेला उणे), उणे ४१ अंश ३५ कला आहे. मी उणे चिन्ह टंकायला विसरले होते. कागदावर दोन ओळींचे गणित केले असते तरी हे कळले असते. सायडिंग स्प्रिंगचे अक्षांश सुमारे ३१ अंश दक्षिण आहेत. उणे ४१ अंशांचा तारा तेथे खमध्यापासून फक्त दहा अंश दूर राहतो, म्हणजे त्याची उंची ऐंशी अंशांच्या आसपास असते. अधिक ४१ अंशांचा तारा खमध्यापासून सुमारे ७३ अंश दूर असतो आणि क्षितिजावर जेमतेम सतरा अंश चढतो. त्या दुर्बिणीची किमान मर्यादा तीस अंशांची होती. तेव्हापासून लक्ष्याचे निर्देशांक संगणकात भरण्यापूर्वी त्याची कमाल उंची मी हाताने काढते, आणि विषुवांश (आकाशातले पूर्व-पश्चिम स्थान) तासांत आहे की अंशांत हेही तेव्हाच पाहून घेते, कारण २३ तास ४६ मिनिटे आणि २३ अंश ४६ कला या आकाशातल्या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत.

वेळेचा घोळ याहून चिवट असतो. ऑगस्टच्या मध्यास हा तारा सायडिंग स्प्रिंगच्या घड्याळानुसार पहाटे दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास याम्योत्तर वृत्तावर येतो. तेव्हा आपल्याकडे आदल्या तारखेचे रात्रीचे ९:४० झालेले असतात आणि जागतिक वेळेनुसार दुपारचे ४:१०. "१५ तारखेची रात्र" म्हणजे नेमकी कोणती, हे आरक्षण करताना स्वतःलाच तीनदा विचारावे लागते. मी वहीत तिन्ही वेळांचे तीन रकाने आखले आणि आजही आखते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात आणि साडेचार तासांचा फरक साडेपाच तासांचा होतो, तेव्हा ही वहीच उपयोगी पडते. निरीक्षणाची नोंद करताना मात्र भारतीय किंवा ऑस्ट्रेलियन वेळेला काहीच स्थान नाही. तेथे जागतिक वेळ किंवा तिच्यावरून काढलेला ज्युलियन दिनांकच (दिवसांची सलग मोजणी) चालतो. प्रतिमेच्या शीर्षनोंदीत सहसा एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ असते, तर आलेखासाठी मधली वेळ लागते. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने ताऱ्याचा प्रकाश वर्षभरात कधी आठेक मिनिटांपर्यंत लवकर, तर कधी तितकाच उशिरा पोचतो, आणि ही दुरुस्ती केल्याखेरीज वेगवेगळ्या महिन्यांतल्या कमाल तेजाच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत. ७९ मिनिटांच्या ताऱ्याच्या बाबतीत आठ मिनिटे म्हणजे आवर्तनाचा दहावा भाग होतो.

दुसऱ्या रात्रीची चूक सर्वांत महाग पडली. मोठी दुर्बीण म्हणजे चांगली दुर्बीण, या भाबड्या समजुतीने मी अर्ध्या मीटर व्यासाची दुर्बीण घेतली आणि साठ सेकंदांचे एक्स्पोजर लावले. पडद्यावर आलेल्या प्रतिमा इतक्या सुरेख होत्या की मी त्यातली एक घरच्यांनाही दाखवली. दुसऱ्या दिवशी मोजमाप करताना ताऱ्याच्या मध्यावर कर्सर नेला, तर आकडा ६५,५३५. शेजारच्या पिक्सेलवर ६५,५३५. त्याच्या शेजारीही तोच आकडा. सोळा बिटांच्या कॅमेऱ्यात मोजणी याच्या पुढे जाऊच शकत नाही. पेला भरून वाहत असताना त्यात किती पाणी पडले हे मोजण्याचा तो प्रकार होता. ताऱ्याचा चढउतार ओळखूही येईना. प्रतिमा दाखवणारी आज्ञावली तिचा उजळपणा आपोआप ठरवते, त्यामुळे संपृक्त झालेला तारा आणि नीट टिपलेला तारा पडद्यावर सारखेच पांढरे दिसतात. म्हणून पहिली प्रतिमा उतरली की ती किती छान दिसते हे न पाहता तिच्यातले आकडे पाहावेत. कमाल आकडा वीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असला की मी पुढची मालिका सुरू करते. या ताऱ्यासाठी उपयोगी पडली ती लहान व्यासाची, कमी नाभीय अंतराची दुर्बीण. फोकस किंचित सैल ठेवल्यामुळे प्रकाश अधिक पिक्सेलांवर पसरला आणि वीस सेकंदांचे एक्स्पोजर शक्य झाले. तिचे दृश्यक्षेत्र मोठे असल्याने तुलनेसाठी लागणारे, साधारण त्याच प्रतीचे तारेही एकाच प्रतिमेत आले. सातव्या प्रतीचे तारे आकाशात इतके विरळ असतात की मोठ्या दुर्बिणीच्या चिमुकल्या चौकटीत दुसरा सापडणेच कठीण. शिवाय तिचे भाडेही कमी होते.

दुर्बिणीजवळ प्रत्यक्ष उभे असताना कितीतरी माहिती न मागता मिळत असते. मान ओलसर लागली की दव पडू लागले आहे हे कळते, वारा कानाला लागतो, मोटरचा आवाज बदलला की हात थबकतो, आणि पातळ ढग आला आहे का हे वर पाहिले की समजते. संगणकासमोर बसलेल्या निरीक्षकाला यातले काहीच मिळत नाही, आणि दूरस्थ निरीक्षणाचे खरे कौशल्य ही हरवलेली माहिती आकड्यांतून मुद्दाम मागून घेण्यात आहे. मी दर दहा प्रतिमांमागे तीन गोष्टी पाहते: ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी, त्याचा आकार आणि तुलनेच्या ताऱ्याचा प्रकाश. ठिपका गोलच राहून हळूहळू फुगत असेल, तर तापमान उतरल्यामुळे फोकस सरकला आहे. ठिपका एका दिशेने लांबला असेल, तर माग काढण्यात चूक आहे किंवा वारा दुर्बिणीला हलवतो आहे. ठिपका जसाच्या तसा आणि तुलनेचा तारा मात्र मंदावलेला असेल, तर वर पातळ ढग आहे. पूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे चित्रही शेजारच्या खिडकीत उघडे ठेवावे, पण त्यावर विसंबू नये, कारण विरळ ढग त्यात दिसण्याआधी आकड्यांत दिसतो.

तिसऱ्या रात्री मला वाटले की काहीतरी नवे सापडले. ९:४० नंतर ताऱ्याचे तेज एकदम दोन-तीन शतांश प्रतीने बदलले होते आणि ते तसेच राहिले. सापडले होते ते एवढेच, की जर्मन पद्धतीच्या बैठकीवरची दुर्बीण तारा याम्योत्तर वृत्त ओलांडताना खांबाच्या दुसऱ्या बाजूला पलटी घेते. प्रतिमा १८० अंशांत फिरते आणि तारा कॅमेऱ्याच्या दुसऱ्याच कोपऱ्यात जातो. कॅमेऱ्याच्या प्रत्येक भागाची संवेदनशीलता सारखी नसते, आणि भिंगांवर किंवा फिल्टरवर बसलेल्या धुळीच्या कड्यांसारख्या सावल्याही असतात. हे सगळे काढून टाकण्यासाठी संधिप्रकाशातल्या समान उजळ आकाशाच्या प्रतिमा, म्हणजे फ्लॅट, वापरतात. मी वापरलेले फ्लॅट बरेच जुने होते आणि मधल्या काळात धूळ हलली होती. फ्लॅटच्या फायलीवरची तारीख पाहण्याचे मला सुचलेच नव्हते.

एका रात्री भर पावसात घरची वीज गेली आणि पाठोपाठ राउटरही बंद पडला. मेणबत्तीच्या उजेडात मी मोबाइलवरून संकेतस्थळ उघडले, तर तिकडे ६३वी प्रतिमा सुरू होती. निरीक्षणाची योजना आपल्या संगणकावर नव्हे, तर वेधशाळेतल्या संगणकावर चालते. पाऊस आला तर छप्पर बंद करण्याचा निर्णयही तिकडची हवामान यंत्रणाच घेते. हे मला ठाऊक असते तर तो अर्धा तास मी इतकी घाबरले नसते. मात्र स्वतःच्या लॅपटॉपवरून थेट आज्ञा देणारी पद्धत वापरत असाल, तर राउटरसाठी छोटा यूपीएस घेतल्याशिवाय पावसाळ्यात काम सुरू करू नये.

होसकोटेचा अनुभव अगदी वेगळा होता. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. २००० साली तिने पहिला प्रकाश टिपला. त्या उंचीवर, विरळ हवेत आणि हिवाळ्यातल्या कडाक्याच्या थंडीत रात्रभर जागून विचार करणे अवघड, म्हणून निरीक्षक बंगळुरूजवळच्या होसकोटे येथील केंद्रातून उपग्रहाच्या दुव्याने ती चालवतात. मी एका संशोधन गटाबरोबर मदतनीस म्हणून गेले होते. हानलेला शून्याखालचे तापमान, आणि आम्ही वातानुकूलन यंत्रामुळे स्वेटर घालून बसलेलो! येथे आणि हानलेला घड्याळ एकच असल्याने तीन रकान्यांची गरज नव्हती, पण शिकायला मिळाले ते वेगळेच. भाड्याच्या दुर्बिणीवर पलीकडे माणूस दिसत नाही. हानलेला माणसे असतात. कॅमेरा थंड ठेवणारा द्रव नायट्रोजन भरणे, घुमटावरचे बर्फ पाहणे, घुमट उघडायचा की नाही हे ठरवणे ही कामे तीच करतात. एका रात्री आमचे महत्त्वाचे एक्स्पोजर संपायला बारा मिनिटे उरली असताना आर्द्रता वाढल्याचा निरोप आला आणि घुमट बंद होत असल्याचे सांगण्यात आले. मी गटातल्या वरिष्ठ मॅडमकडे पाहिले. त्यांनी "ठीक आहे" एवढेच म्हटले आणि नोंदवहीत वेळ लिहिली. कोणता तारा पाहायचा हे आपण ठरवायचे. यंत्राच्या सुरक्षिततेबाबत मात्र तेथल्या माणसाचा शब्द अखेरचा, त्यावर वाद नाही.

अशा दुर्बिणीचा वेळ पैसे देऊन नव्हे, तर प्रस्ताव लिहून मिळतो. याच दुर्बिणीची गरज का, लक्ष्य त्या महिन्यात किती तास पुरेशा उंचीवर असते, चांदणे चालेल का, किती एक्स्पोजर लागेल, हे त्यात आकड्यांनिशी मांडावे लागते. भाड्याच्या दुर्बिणीवर केलेल्या चुका येथे फार कामी आल्या.

हानलेलाच ०.७ मीटर व्यासाची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे. मुंबईची आयआयटी आणि भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून ती चालवतात. ती यंत्रमानवी पद्धतीची असल्याने कोणता तारा केव्हा पाहायचा हे रात्री आज्ञावलीच ठरवते. या क्षेत्रात यायचे असेल तर केवळ खगोलशास्त्र पुरत नाही, हे यावरून लक्षात यावे. लिनक्स, पायथन आणि त्यातला ॲस्ट्रोपाय हा खगोलशास्त्रासाठीचा आज्ञावली-संच पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून हाताळायला हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनाही येथे भरपूर काम आहे. पीएचडीचा मार्ग जेस्टसारख्या परीक्षांतून, आणि पुण्याच्या आयुका व एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांसाठी त्यांच्या संयुक्त प्रवेश परीक्षेतून जातो.

पैशांचे एक राहिले. काही सेवा चांदण्या रात्री भाडे कमी घेतात, कारण अंधूक आकाशगंगा टिपणाऱ्यांना चंद्र नको असतो. सातव्या प्रतीच्या ताऱ्याला त्याचे फारसे सोयरसुतक नाही. म्हणून मी शेवटची रात्र नारळी पौर्णिमेची घेतली. घरी नारळीभात झाला आणि मी पलटी होऊन गेल्यावर, पावणेदहाला मालिका सुरू केली. फ्लॅट त्याच संध्याकाळचे होते. साडेबारापर्यंत दोन पूर्ण आवर्तने मिळाली, पण दुसरे शिखर पहिल्याच्या उंचीला पोचले नाही. सवयीने मी आधी तुलनेचा तारा तपासला. त्याची रेघ सरळ होती. ठिपक्याची रुंदी तीच, आकारही गोल. मग पुस्तकात पाहिले: एसएक्स फिनिसिस एकाच वेळी दोन आवर्तकाळांनी स्पंदन पावतो, आणि दोन स्पंदने कधी एकमेकांना साथ देतात, तर कधी एकमेकांना छेद देतात. या वेळी बदल ढगाचा नव्हता, धुळीचा नव्हता, माझ्या चुकीचाही नव्हता. तो ताऱ्याचाच होता.