वर्गात पाहुणे बोलवायचेत? तयारी आठवडाभर आधी सुरू करा

दुसरीच्या वर्गात एकदा मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं होतं. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात मुंगीएवढा स्क्रू धरून ते मन लावून दाखवत होते. समोर जमिनीवर तीस मुलं. स्क्रू दिसला तो पहिल्या ओळीतल्या पाच जणांना, बाकीच्यांना पुढच्यांची डोकी. दहाव्या मिनिटाला मागे चिमटे काढणं सुरू झालं. पंधराव्या मिनिटाला एकाला शू लागली आणि मग ती सगळ्यांनाच लागली.

चूक काकांची नव्हती, माझी होती. मी त्यांना फक्त तारीख आणि वेळ कळवली होती. ते पुढच्या वर्षी पुन्हा आले (मोठ्या मनाचा माणूस), तेव्हा मुलं चाळीस मिनिटं रमून गेली. फरक पडला तो आधीच्या आठवड्यातल्या तयारीमुळे. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी पाहुणे, सण-समारंभ किंवा कलेचा उपक्रम ठरवत असाल, तर पुढची पद्धत वापरून पाहा. पालकांनाही यात बरंच करता येतं.

आधी विषय, मग माणूस

“कोणाच्या ओळखीचं कोणी आहे का?” इथून सुरुवात केली की हमखास भाषण देणारा माणूस मिळतो. त्याऐवजी वर्गात सध्या काय चाललंय ते बघा. मोजमाप शिकवताय? मग शिंपी किंवा सुतार हवा, कारण त्यांचं मोजमाप चुकलं तर कापड किंवा लाकूड वाया जातं. झाडं शिकवताय? रोपवाटिकेत काम करणारं कोणी शोधा. पाहुण्याचा हुद्दा मोठा असण्याची काही गरज नाही. उलट हुद्दा जितका मोठा, तितकं हातानं करून दाखवण्यासारखं कमी, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यात चांगले पाहुणे मुलांच्या घरातच असतात. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात शिक्षण-संशोधक लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मुलांच्या घरी पाठवलं. शिकवायला नाही, शिकायला. कष्टकरी कुटुंबांत शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, व्यापार अशा कितीतरी गोष्टींची जाण आहे आणि शाळेला तिचा पत्ताच नाही, असं त्यांना दिसलं. 1992 साली त्यांनी हे मांडलं. ज्ञानाची ही शिदोरी रोज दप्तराबरोबर शाळेत येते, आपण ती उघडत नाही एवढंच.

ती उघडायला घरी एक चिठ्ठी पाठवा, पण “आपला व्यवसाय काय?” असं विचारू नका. या प्रश्नाला एका आईनं “काही नाही, घरीच असते” असं उत्तर दिलं होतं. पुढच्या वेळी मी विचारलं, “तुम्हाला हातानं काय करता येतं? कोणत्या भाषा बोलता? लहानपणी कोणते खेळ खेळत होता?” त्याच आईला तीन भाषा येत होत्या आणि दोरीच्या तेरा प्रकारच्या गाठी बांधता येत होत्या.

पाहुण्यांना नीट सांगा

फोनवर दहा मिनिटं काढा आणि मोघम बोलू नका. “मुलांना मार्गदर्शन करा” म्हटलं की पुढचा माणूस मार्गदर्शन करतो! त्यापेक्षा असं सांगा: बोलणं पाच-सात मिनिटं, बाकी सगळं करून दाखवणं. एक हत्यार किंवा वस्तू अशी आणा जी मुलांना हातात घेता येईल. तुम्ही हे काम शिकताना काय चुकलं होतं, ते नक्की सांगा. मोठ्या माणसाची फजिती ऐकताना मुलं श्वास रोखून बसतात.

काही गोष्टी संकोच न करता आधीच विचारायच्या. धारदार किंवा गरम काही असणार का? उग्र वास? प्राणी? वर्गात कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, याची यादी समोर ठेवूनच हे बोलणं करा. शाळेची परवानगी आणि नोंद हवीच. पाहुणे कितीही ओळखीचे असले तरी शिक्षकानं वर्ग सोडून जायचं नाही. फोटो काढायचे तर पालकांची संमती आधी. वस्तूंची जाहिरात आणि धर्माचा किंवा पक्षाचा प्रचार चालणार नाही, हेही हसत पण स्पष्ट सांगून टाकावं.

प्रश्न विचारायला शिकवावं लागतं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सहा वर्षांच्या मुलाला “प्रश्न विचार” म्हटलं की ते सांगतं, “माझ्या आजोबांकडे पण घड्याळ आहे.” मग पुढचे अकरा जण आपापल्या आजोबांबद्दल सांगतात. गोड असतं ते, पण तास तिथेच संपतो.

आठवडाभर आधी फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: आम्हाला काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, काय शिकलो. शिक्षणतज्ज्ञ डोना ओगल यांनी 1986 मध्ये वाचनाच्या तासासाठी सुचवलेली ही रीत पाहुण्यांच्या भेटीलाही चपखल बसते. पहिल्या रकान्यात मुलं जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, चुकीचं असलं तरी. आमच्या कागदावर एक वाक्य होतं, “सेल संपला की वेळ संपते.” मी ते दुरुस्त केलं नाही. ते काम काकांचं होतं.

दुसरा रकाना भरण्याआधी एक खेळ घ्या. तुम्ही स्वतः पाहुणे व्हा आणि एक बंद पिशवी हातात धरा. मुलांनी प्रश्न विचारून आत काय आहे ते ओळखायचं. “चेंडू आहे का?” विचारलं की फक्त “नाही” म्हणून गप्प बसा. “ते कशासाठी वापरतात?” विचारलं की भरभरून बोला. कोणत्या प्रश्नाला जास्त माल मिळतो, हे मुलांना तीन-चार फेऱ्यांत कळतं. कसं, का, कुठून, कधीपासून हे शब्द मग आपोआप येतात.

मग प्रत्येकाचा एक प्रश्न चिठ्ठीवर. लिहिता न येणाऱ्यानं चित्र काढायचं. सारखे प्रश्न एकत्र करून दहा-बारा निवडा, म्हणजे पाहुण्यांना “तुमचं वय काय?” याचं उत्तर सहा वेळा द्यावं लागणार नाही. लाजऱ्या मुलाचा प्रश्न मुद्दाम सुरुवातीला ठेवा. शेवटी ठेवला तर त्याची हिंमत तोवर विरून जाते.

आणखी एक छोटी गोष्ट. मेरी बड रो या संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलं मोठी, विचार केलेली उत्तरं देतात आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागतात. पाहुणे मुलांना काही विचारतील तेव्हा मध्ये उडी मारून उत्तर देऊ नका. मनात तीन मोजा. फार अवघड जातं, सांगून ठेवते.

भेटीचा दिवस

तीस मुलांसमोर एक माणूस ही बैठकच मोडा. सहा-सहाचे पाच गट करा. एक गट आठ मिनिटं पाहुण्यांजवळ, बाकीचे त्याच विषयाच्या कामात. आमच्याकडे एक गट उघडलेल्या जुन्या घड्याळाचं चित्र काढत होता, एक वाळूचं घड्याळ करत होता, एक डोळे मिटून मिनिट संपल्यावर हात वर करत होता (बहुतेकांचं मिनिट वीस सेकंदांत संपतं), आणि एक दंतचक्रांच्या खेळण्याशी झटत होता. गट फिरवायला एखादे पालक मदतीला असले तर उत्तम. शेवटी पंधरा मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसून निवडलेले प्रश्न विचारायचे.

स्वागताचं काम दोन मुलांवर सोपवा: दारापर्यंत जाणं, नाव सांगणं, बसायला जागा दाखवणं. आदल्या दिवशी त्याची रंगीत तालीम करा. मारिया मोंटेसोरींच्या पद्धतीत असं वागणं-बोलणं धड्यासारखं वेगळं करून शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. “नीट वाग” म्हणून कोणाला नीट वागता येत नाही. रांगेत उभं राहून तालबद्ध टाळ्यांचं स्वागत मात्र टाळा. त्यात पाहुणेही अवघडतात आणि मुलंही.

मग काय उरतं?

त्याच दिवशी चित्र, दुसऱ्या दिवशी तिसरा रकाना. पहिल्या रकान्याकडे परत जा आणि कोणतं वाक्य आता बदलायला हवं, ते मुलांनाच ठरवू द्या. “सेल संपला की वेळ संपते” हे खोडून एका मुलीनं लिहायला लावलं, “सेल संपला की फक्त काटे थांबतात.”

आभाराचं पत्र फळ्यावरून उतरवून घेऊ नका. तीस सारखी पत्रं वाचण्याची शिक्षा कोणाला कशाला? प्रत्येकानं लक्षात राहिलेली एकच गोष्ट लिहायची. काकांना गेलेल्या एका पत्रात होतं, “काका तुमचा हात हलत नाही. माझा हलतो.” ते पत्र त्यांनी दुकानात भिंतीवर लावलंय.

सण आणि विशेष दिवस

इथे चांगल्या हेतूनं घोटाळा होतो. वर्षातून एक दिवस एखाद्या समाजाचा पोशाख घालायचा, त्यांचा पदार्थ खायचा, नाच करायचा आणि दुसऱ्या दिवसापासून ते लोक गायब. बालशिक्षणतज्ज्ञ लुईस डर्मन-स्पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये याला पर्यटकाचा अभ्यासक्रम म्हटलं होतं. मुलाच्या मनात राहतं ते एवढंच, की ती माणसं कायम नटूनथटून नाचत असतात.

त्यावरचा उपाय अवघड नाही. समाज शिकवण्याऐवजी एक घर शिकवा. “ते लोक असं करतात” याऐवजी ज्या घरचा सण आहे त्यांनी येऊन “आमच्या घरी असं करतो” म्हणायचं. सणाबरोबर त्या घराचा साधा मंगळवारही ऐका: सकाळी आधी कोण उठतं, भांडण कशावरून होतं, झोपताना कोणतं गाणं म्हणतात. त्या घरातल्या मुलाला स्वतः बोलायचं असेल तर बोलू दे, पण सगळ्या वर्गासमोर “तू सांग, तुमच्यात काय करतात?” असं त्याला उभं करू नका. सणाबद्दल शिकवायचं, पूजा-प्रार्थना करायला लावायची नाही. जी कुटुंबं साजरं करत नाहीत त्यांच्या मुलांना बाहेर बसवू नका. भाग घेता येईल असं काम आधीच त्यांच्या पालकांशी बोलून ठरवा.

आणि दिवस कमी घ्या. एका सत्रात दोन किंवा तीन. 21 फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन मला फार आवडतो. 1952 साली ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले, त्या आठवणीचा हा दिवस. युनेस्कोनं तो 1999 मध्ये जाहीर केला आणि 2000 पासून तो जगभर पाळला जातो. एवढा इतिहास दुसरीला नको. त्यांना विचारा, कोंबडा कसा आरवतो? मराठीत कुकूच कू. फ्रेंचमध्ये कोकोरिको, जर्मनमध्ये किकेरिकी, जपानीत कोकेकोक्को. मग प्रत्येकानं घरून आपल्या भाषेतला कोंबडा, मांजर, कुत्रा, बेडूक आणायचा. वर्गात जो कलकलाट होतो, त्यात मुलांना कळतं की आवाज एकच, कान वेगवेगळे.

20 नोव्हेंबरही असाच कामाचा. 1989 साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार स्वीकारला. त्यातलं 31 वं कलम विश्रांती, खेळ आणि कलेत भाग घेण्याच्या हक्काबद्दल आहे. 54 कलमं वाचून दाखवू नका. हे एकच सांगा आणि आज खेळाचा तास कसा घालवायचा ते मुलांना ठरवू द्या.

कलेचे उपक्रम

थोडक्यात सांगते, कारण यावर वाद घालायला लोक टपलेलेच असतात. दोन महिने तालीम करून बसवलेल्या नाचात मुलं शिकतात ती रांगेतली आपली जागा. त्यापेक्षा एखादा वादक किंवा बाहुल्या करणारा कलाकार तीन आठवडे, आठवड्यातून एकदा येऊ दे. पहिल्या वेळी बघणं, दुसऱ्या वेळी हात लावणं, तिसऱ्या वेळी स्वतःचं काहीतरी करणं. टाळ्यांचा दोन-तीन, दोन-तीन असा ठेका धरायला शिकलेलं मूल गणितातले आकृतिबंधही पटकन ओळखतं, असं मी पुष्कळदा पाहिलंय. शेवटी दाखवायचंच असेल तर शेजारच्या वर्गाला दाखवा. कोणाच्या श्रद्धेची वस्तू किंवा पोशाख सोंग म्हणून वापरण्याआधी मात्र ज्यांची ती आहे त्यांना विचारा.

एक वही ठेवा

प्रत्येक भेटीनंतर पाच ओळी लिहायच्या, पुढच्या वर्षीच्या शिक्षिकेसाठी. घड्याळवाल्या काकांच्या पानावर माझ्याकडे असं आहे: “गट सहाचेच. टेबलावर काळं कापड, पांढऱ्यावर स्क्रू दिसत नाहीत. काका चष्मा विसरतात, सकाळी फोन करणे. ‘तुमचं घड्याळ बंद पडलं की कोण दुरुस्त करतं?’ हा प्रश्न आधी ठेवणे, त्यावर ते खूप हसले आणि मग खुलले. चुंबक जवळ आलं तर घड्याळं बिघडतात, तेव्हा आधी सगळ्यांचे खिसे तपासणे.”