सिबिलचा आकडा सोडा, आधी रिपोर्ट उघडून वाचा

डोंबिवली नाहीतर विरारला वन बीएचके बघायला गेलं की नाव विचारून झालं की लगेच पुढचा प्रश्न येतो, सिबिल किती, म्हणजे उधारी फेडायच्या सवयीवरून मिळणारा क्रेडिट स्कोर किती? मग आपण घाईघाईत कुठल्यातरी ॲपवर आकडा बघतो, ३०० ते ९०० मधला, ७५०च्या वर असला की खुश, ६८० दिसला की टेन्शन, आणि विषय तिथेच संपतो. पण स्कोर का पडलाय ते आकड्यात नाही, रिपोर्टात कळतं, आणि तो फुकट मिळतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या म्हणजे क्रेडिट ब्युरो, त्यांच्याकडून वर्षातून एकेकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, त्यामुळे पैसेवाला प्लॅन घेऊ नका. आणि स्वतःचा रिपोर्ट बघितला म्हणून स्कोर पडत नाही, बिनधास्त बघा.

उघडला की आधी लोन-कार्डांची खाती मोजा. न घेतलेलं लोन दिसतंय का, फेडून टाकलेलं अजून चालूच दाखवतायत का, चुलतभावाच्या लोनला गॅरेंटर राहिला होतात ते पण इथे दिसू शकतं आणि त्याने हप्ते थकवले तर फटका तुम्हालाही. दिवाळीत नो कॉस्ट ईएमआयवर घेतलेला फ्रिज हेसुद्धा बहुतेक वेळा लोनच असतं बरं का.

मग प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, ००० म्हणजे वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस लेट. आणि कुठे ‘सेटल्ड’ लिहिलंय का ते नक्की बघा. रिकव्हरीवाला फोनवर गोड बोलतो, अर्धे भरा साहेब मॅटर क्लोज करतो, पण खातं क्लोज्ड नाही तर सेटल्ड म्हणून लागतं आणि होम लोनच्या वेळी बँक तेच बघून नाक मुरडते. जमत असेल तर उरलेली रक्कम भरा, नो ड्यूज लेटर घ्या आणि स्टेटस बदलायला लावा.

क्रेडिट कार्डाचं वेगळंच. लाखाच्या लिमिटवर दर महिन्याला ऐंशी हजार वापरून पूर्ण बिल भरणाऱ्याचाही स्कोर अडकतो, कारण बँक ब्युरोला बाकी कळवते तेव्हा ती ऐंशी हजारच दिसते. म्हणून बिल बनायच्या आधीच थोडे भरून टाका, साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवलेलं बरं. जुनं बिनफीचं कार्ड उगाच बंद करू नका. आणि पाच बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद होते. कधीच लोन घेतलं नसेल तर स्कोर तयार व्हायला एफडीवर मिळणारं कार्ड घ्या, थोडंफार वापरा आणि बिल वेळेवर भरा.

चूक सापडली तर ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट म्हणजे तक्रार टाका, पैसे लागत नाहीत, पण बँकेने हो म्हटल्याशिवाय ब्युरो काही बदलत नाही म्हणून बँकेलाही मेल करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायचा नियम आहे. ‘खराब सिबिल ठीक करून मिळेल’वाले एजंट हाच फुकटचा डिस्प्यूट टाकून हजारो रुपये घेतात, त्यांना पॅन नि ओटीपी तर अजिबात देऊ नका.