ल्योंच्या बूशोंत जेवायला जाण्याआधी

सगळ्यात आधी, भारतातून निघण्यापूर्वीच, घरातल्यांना एकत्र बसवून एक गोष्ट पक्की करा: कोण काय खातं आणि कोण काय अजिबात खात नाही. पॅरिसच्या एखाद्या कॅफेत हा प्रश्न मेन्यूकार्ड हातात आल्यावरही सुटतो. फ्रान्समधल्याच ल्यों शहरातल्या बूशोंत सुटत नाही. बूशों ही त्या शहराची जुनी, छोटेखानी खाणावळ. एकोणिसाव्या शतकात रेशीम विणणारे कान्यू पहाटेपासून मागावर बसायचे आणि सकाळीच भरपेट जेवायचे. त्यांना परवडणारं मांस म्हणजे श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात न जाणारं: आतडी, पोट, पाय, कलेजी. आजही तिथला स्वयंपाक त्याच पायावर उभा आहे आणि तो खाण्यासाठीच तिथे जायचं असतं.

मांसाहारी मंडळींनी काही नावं कानावरून घालून ठेवावीत, कारण बऱ्याच ठिकाणी पदार्थ काळ्या पाटीवर खडूने, वळणदार फ्रेंच अक्षरात लिहिलेले असतात. 'पोर' म्हणजे डुक्कर, 'बफ' म्हणजे गोमांस, 'व्हो' म्हणजे वासरू, 'व्होलाय' म्हणजे कोंबडी. गोमांस वर्ज्य असेल तर 'ताब्लिए द सापर' टाळा; ती गाईबैलाची वजडी असते, पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेली. वर्ज्य नसेल आणि वजडी आवडत असेल तर मात्र हाच पदार्थ मागवा, पश्चात्ताप होणार नाही. 'आंदुयेत' हे आतड्यांचं सॉसेज आहे, त्याचा वास उग्र असतो; टेबलावर एकाने मागवून बाकीच्यांनी चव घ्यावी हे उत्तम. पहिल्यांदा जाणाऱ्याने 'केनेल' घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाइक या गोड्या पाण्यातल्या माशाचा गर, अंडी, लोणी आणि पीठ यांचा तो लांबट, हलका गोळा. त्यावर क्रेफिशचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडीचा, नांत्युआ सॉस. भट्टीतून येतो तेव्हा तो फुगलेला असतो, त्यामुळे गप्पा थांबवून लगेच खायला घ्या. कोंबडीच्या कलेजीचा 'गातो द फ्वा'ही सौम्य असतो आणि घरातल्या ज्येष्ठांना सहसा चालतो.

हे कामगारांचं जेवण म्हणून त्याला कमी लेखू नका. ल्योंमध्ये 'मेर', म्हणजे आई, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायकांनी, ज्यांच्यातल्या कित्येक आधी श्रीमंत घरांत स्वयंपाकीण होत्या, स्वतःच्या खाणावळी काढल्या आणि ह्या शहराला नाव मिळवून दिलं. त्यांच्यातली युजेनी ब्राझिए शेतावर वाढलेली मुलगी. 1933 मध्ये तिच्या दोन्ही रेस्टॉरंटना मिशलँ या रेस्टॉरंटना दर्जा देणाऱ्या मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळाले.

शाकाहारी असाल तर तयारी जास्त लागते, पण जमतं. सलाद ल्योनेझ पानांची कोशिंबीर दिसते, तिच्यात डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे असतातच. 'सां लार्दों' असं सांगून ते काढायला लावा, मग उरतात पानं, पाव आणि अर्धवट उकडलेलं अंडं. कांद्याचं सूप बहुधा मांसाच्या रश्शात शिजतं. डाळीच्या सॅलडमध्ये सॉसेज असू शकतं. 'सेर्व्हेल द कान्यू' या नावात मेंदू असला तरी पदार्थात नाही. ते ताजं चीज असतं, त्यात लसूण, कांद्याची बारीक जात, हिरवे मसाले, व्हिनेगर आणि थोडी पांढरी वाइन फेटलेली असते. चीज जमवायला प्राण्यांचं रेनेट वापरलेलं असू शकतं, हे चालत नसेल त्यांनी आधी विचारावं. 'जे न माँज नी व्यांद नी प्वासों', मी मांसही खात नाही आणि मासेही नाही, हे वाक्य फोनमध्ये फ्रेंच लिपीत लिहून ठेवा आणि वाढप्याला दाखवा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मासा पुढे येण्याची शक्यता असते. चतुर्थी किंवा एकादशी पाळणाऱ्यांनी तारीख ठरवण्याआधी पंचांग बघून घ्यावं. अंडं, कांदा, लसूण यांतलं काहीच चालत नसेल तर बूशोंचा हट्ट धरू नये, असं मी मनापासून सांगेन. तिथे बसून नुसता पाव खाणं त्या माणसावर अन्याय आहे.

मग आरक्षण. जागा मोजक्याच असतात आणि टेबलं इतकी जवळ की शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागतं, म्हणून आधी बुक करा आणि आहाराची अट त्याच वेळी लिहून कळवा. रविवारी-सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात, ऑगस्टमध्ये काही जण सुट्टीवर जातात, आणि 8 डिसेंबरच्या आसपास दिव्यांच्या उत्सवात शहरात पाय ठेवायला जागा नसते. दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी साडेसातच्या पुढे, अशा वेळा धरा. तीन वाजता भूक लागली तर स्वयंपाकघर बंद असतं. बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर पायऱ्या आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून ठेवा. जागा निवडताना व्ह्यो ल्योंच्या, म्हणजे जुन्या ल्योंच्या, र्‍यू सँ-जाँ या रस्त्यावर दिसेल त्या पहिल्या पाटीवर भुलू नका. 'ले बूशों ल्योने' हे मानांकन 2012 पासून दिलं जातं, ते असलेली नावं आधी पाहा. पदार्थांच्या किमती दाराबाहेर लावणं फ्रान्समध्ये बंधनकारक आहे, ते वाचूनच आत शिरा.

व्ह्यो ल्योंला मेट्रोची डी लाइन जाते, पण बेलकूर चौकातून सोन नदीचा पूल ओलांडून चालत जाण्यात जास्त मजा आहे. दगडी फरसबंदीसाठी सपाट तळव्याचे बूट घाला. जेवणाच्या तासभर आधी पोहोचा. रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या आणि इटालियन सावकारांच्या काळातली ही घरं 1964 मध्ये संरक्षित झाली. तसा संरक्षित विभाग फ्रान्समधला हा पहिलाच. 1998 पासून ती युनेस्कोच्या यादीत असलेल्या शहरभागात आहेत. घरांच्या पोटातून त्राबूल नावाच्या वाटा जातात आणि त्या घरांत आजही लोक राहतात, तेव्हा तिथे आवाज खाली ठेवा.

आत शिरताना 'बोंज्यूर', संध्याकाळी 'बोंस्वार', हे सगळ्यांत आधी. त्याशिवाय बोलणं सुरू करणं तिथे उद्धटपणा समजतात. ठरावीक किमतीत दोन-तीन पदार्थ देणाऱ्या जेवणाला तिथे 'मन्यू' म्हणतात, तेच घ्या. पाणी हवं असेल तर 'ऊन कराफ दो' मागा, ते आणि पाव फुकट असतो. वाइन घेणाऱ्यांनी 'पो' मागवावा, जाड बुडाची 46 सेंटिलिटरची बाटली. त्यात बोझोले किंवा कोत द्यू रोन या जवळपासच्या भागातल्या वाइन घ्या. न घेणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही. गुलाबी प्रालीनच्या, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांच्या, टार्टसाठी पोटात जागा ठेवा. दीड-दोन तास मोकळे ठेवा, कारण मागितल्याशिवाय बिल येत नाही: 'लादिस्यों, सिल्व्हूप्ले'. सेवाशुल्क किमतीतच असतं. जेवण आवडलं तर वर दोन-चार युरो ठेवा, त्यासाठी थोडी रोख जवळ असू द्या.

पानात टाकायचं नाही हे आपल्या अंगात मुरलेलं असतं आणि बूशोंचं वाढप मोठं असतं. 1 जुलै 2021 पासून उरलेलं अन्न घरी न्यायला डबा मागितला तर तो देणं तिथल्या रेस्टॉरंटवर बंधनकारक आहे, त्यामुळे संकोच करू नका. ब्रिऑश या मऊ, लोणीदार पावातलं सॉसेज आणि टार्ट दुसऱ्या दिवशीच्या गाडीत छान लागतात. केनेल मात्र तिथेच संपवा.