दोन वेळा मैदानावर जाता? मग धावल्यावर काय पिता ते बघा

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी १६०० मीटरचा सराव करतात आणि संध्याकाळी पुन्हा मैदानात उतरतात. तेव्हा पाय उचलत नाहीत. 'स्टॅमिना कमी पडतोय' म्हणतात, पण मला बऱ्याचदा चूक बाटलीत सापडते.

ओआरएसचंच, म्हणजे मीठ-साखरेच्या जलसंजीवनीचंच घ्या. अख्खी पुडी एका ग्लासात ढवळून घटाघट पितात. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) सूत्राची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. द्रावण घट्ट झालं की आतडं शरीरातलंच पाणी ओढून घेतं, मग पोट ढवळतं, जुलाब होतात. लहान पुड्याही मिळतात, तेव्हा पाण्याचं प्रमाण वाचूनच फोडा. आणि खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे! सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव छापायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ते फार बरं झालं.

दुसरी चूक नुसत्या पाण्याची. टोपी वाळल्यावर कडेला पांढऱ्या रेघा दिसतात ना? ते घामातलं मीठ. लांब पल्ला धावताना भसाभसा पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं उतरलेलं निघालं. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. किलोभर घटलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, घोट घोट प्या. त्यात मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत असू द्या. नारळपाणी चांगलंच, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी. वजन उलट वाढलं, डोकं दुखतंय, मळमळतंय, तर पाणी थांबवा. भान हरपल्यासारखं वाटलं तर थेट दवाखाना गाठा.

महागडी प्रोटीन पावडर पाण्यात घालून पिणाऱ्यांना एकच सांगणं: स्नायूंमधला साखरेचा साठाही रिकामा झालेला असतो, तो पिठूळ-गोड खाण्यानेच भरतो. पाव लिटर दूध, दोन मोठी केळी, मूठभर फुटाणे. साठ किलोच्या पोराला यातून सतराएक ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि साखरही. दूध पचत नसेल तर दही-पोहे खा.

एनर्जी ड्रिंकने थकवा जात नाही, झाकला जातो. अडीचशे मिलीच्या डब्यात साधारण ७५ मिलीग्रॅम कॅफिन असतं. संध्याकाळी प्यायलात तर रात्री झोप लागत नाही, आणि पाय सावरतात ते झोपेतच.